बिल्डरकडे गीझर मागू नका

गिरगावात मुगभाटाच्या आतल्या बाजूला एका चाळीत माझी धाकटी बहीण राहते. तिसरा मजला, दीड खोली, पुढे सामाईक गॅलरी. पूर्वी मे महिन्यात त्या मजल्यावर कुणी दार लावून झोपत नसे. दारात आडवा पाट टाकला, पडदा सोडला की समुद्राकडचा वारा गॅलरीतून फिरत फिरत प्रत्येक खोलीत जायचा. आता रात्री दहानंतर सगळी दारं बंद. कारण चाळीतल्या खोलीला बाहेरची म्हणावी अशी भिंत एकच, गॅलरीची. एसीचं आउटडोअर युनिट टांगायचं तर तिथेच, लोखंडी ब्रॅकेटवर, डोक्याच्या उंचीला. आत एक माणूस गारव्यात झोपतो आणि त्याच्या खोलीतली सगळी उष्णता शेजाऱ्याच्या दारावर ओतली जाते. शेजारी दोन उन्हाळे सोसतो, तिसऱ्या उन्हाळ्यात हप्त्यावर एसी घेतो. मग त्याच्या पुढच्याची पाळी.

मला त्या गॅलरीत चालताना राग एसीचा येत नाही. पंख्याखाली घामाघूम होऊन आजारी आईबापांना रात्र काढायला लावणं ही काही पर्यावरणाची सेवा नव्हे. मला खुपतं ते पुढचं. पहाटे साडेपाचला महापालिकेचं पाणी येतं, सगळं घर उठतं, एसी बंद होतो आणि मोरीतल्या गीझरचं बटण खाली जातं. रात्रभर ज्या खोलीने उष्णता फुकट बाहेर फेकली, तीच खोली पहाटे मीटर फिरवून उष्णता विकत घेते. दोन यंत्रांत अंतर असेल आठ फूट.

हिशोब मांडून दाखवतो, कारण माझं आयुष्य याच हिशोबात गेलं. एक टनाचा एसी पूर्ण चालतो तेव्हा खोलीतली साडेतीन किलोवॅट उष्णता उचलतो, त्यात स्वतःची एक किलोवॅट मिळवतो आणि साडेचार किलोवॅट बाहेर टाकतो. रात्रीच्या आठ तासांत कॉम्प्रेसर निम्माच वेळ चालला तरी अठरा युनिट उष्णता गॅलरीत गेली. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला लागते सव्वादोन-अडीच युनिट. म्हणजे एका घराच्या अंघोळीला लागते त्याच्या सातपट उष्णता ते घर रोज रात्री शेजाऱ्याच्या तोंडावर मारतं.

मी रेफ्रिजरेशनचा माणूस. लालबागला वाढलो, वडील गिरणीत बॉयलर खात्यात होते. नोकरी दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या प्लँटरूममध्ये झाली आणि आता दादरला, सत्तरच्या दशकातल्या एका इमारतीत राहतो, सोसायटीच्या कमिटीवर आहे. हीट पंप हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांत युरोपच्या बातम्यांत वाचायला मिळतो: जर्मनीत कायदा झाला, इंग्लंडमध्ये अनुदान मिळतं, वगैरे. वाचणाऱ्याला वाटतं, हे बर्फातल्या लोकांचं काम. आपल्याकडे थंडी कुठे आहे?

इमारतीखालच्या टाकीतलं पाणी पंप गच्चीवर चढवतो, तेव्हा तो पाणी तयार करत नाही, फक्त वर नेतो. हीट पंप उष्णतेचं तेच करतो. हवेत उष्णता आहेच. ती गोळा करून अधिक तापमानाच्या पाण्यात चढवायची, आणि खर्च फक्त चढवण्याचा. एक युनिट वीज खर्चून तीन युनिट उष्णता पाण्यात उतरते. गीझरची कॉइल एका युनिटात एकच देते, त्याहून जास्त देणं तिला शक्यच नाही. आता यात हवा जितकी गरम तितकं चढवणं सोपं. युरोपात हे यंत्र शून्याखालच्या हवेतून उष्णता पिळून काढतं. मुंबईत जानेवारीच्या पहाटेसुद्धा कुलाब्याची हवा सोळा-अठरा अंशांच्या खाली क्वचितच जाते. जगात हीट पंपासाठी आखून दिल्यासारखी हवा कुठे असेल तर ती आपल्याकडे, आणि आपण तिच्यात बसून घाम पुसतो.

यंत्र नवं नाही. इमारती गरम किंवा थंड करायला असं यंत्र वापरता येईल हे लॉर्ड केल्विनने १८५२ मध्ये मांडलं होतं. झुरिकच्या नगरभवनात १९३८ साली शेजारच्या लिमॅट नदीच्या पाण्यातून उष्णता खेचणारा हीट पंप बसला, आणि तोही आधीच उभ्या असलेल्या जुन्या इमारतीत. आपल्याकडे हेच यंत्र उलट्या तोंडाने आलं. एसी आणि फ्रिज हेही हीट पंपच, फक्त आपण त्यांची थंड बाजू घरात घेतो आणि गरम बाजू रस्त्यावर. लालबागहून चिंचपोकळीला जाताना आंबेडकर रोडवर व्होल्टास हाऊस लागतं. १९५४ साली स्थापन झालेल्या त्या कंपनीमुळे आमच्या भागातल्या कितीतरी पोरांना कंडेन्सर म्हणजे काय ते शाळेतल्या विज्ञानाच्या आधी कळलं. गिरणगावाला हे यंत्र परकं कधीच नव्हतं. गिरणीत तर उष्णता आणि ओलावा दोन्ही हिशोबाचे माल असत. सायझिंगला वाफ हवी, स्पिनिंगला सूत तुटू नये म्हणून दमट हवा हवी, आणि कोणत्या खात्याने किती वाफ खाल्ली यावर मॅनेजरच्या केबिनमध्ये भांडणं होत. घरात मात्र आपण एकूण बिल बघतो, कपाळाला आठ्या घालतो आणि भरतो.

हॉटेलात आमच्याकडे हाच वेडेपणा मोठ्या प्रमाणावर चाले. गच्चीवर कूलिंग टॉवर, ज्यातून सगळ्या इमारतीची उष्णता आकाशात जायची. तळघरात डिझेलवरचा बॉयलर, जो पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी तापवायचा. दोन्हीची लॉगबुकं वेगळी, फोरमन वेगळे, बजेटचे रकाने वेगळे, त्यामुळे कुणालाच विचार करायची गरज पडली नाही. पुढे डिझेल महागलं तेव्हा हीट पंप बसवले. त्यांची थंड हवा कुठे सोडायची हा प्रश्न आला, कारण हवेतली उष्णता काढून घेतली की उरते ती गार, कोरडी हवा. आम्ही ती डक्टने लाँड्रीत नेली. इस्त्रीच्या टेबलांपाशी मे महिन्यात माणसं बनियनवर उभी राहून काम करायची. पहिल्या आठवड्यात तिथला एक जुना मुकादम वर आला आणि म्हणाला, "साहेब, पाणी तापतंय की नाही ते तुम्ही बघा, हे मात्र बंद करू नका."

घराच्या बाबतीत मात्र मी विक्रेत्यांसारखं बोलणार नाही. कुणी वाचक हे वाचून आपल्या फ्लॅटसाठी हीट पंप विकत घ्यायला निघाला असेल तर त्याने थांबावं. मुंबईतल्या चौघांच्या कुटुंबाला रोज ऐंशी लिटर कोमट पाणी पुरतं. शॉवरखाली गाणी म्हणणारे दोघे असतील तर थोडं जास्त. त्याला गीझर रोज दोनेक युनिट खातो. पूर्ण उन्हाळा गार पाण्याने अंघोळ करणारीही घरं आहेत. अशा घरात फ्रिजएवढं यंत्र उभं करायचं, त्याला बाहेरची हवा द्यायची, वर्षाला जेमतेम साडेतीनशे-चारशे युनिट वाचवायची आणि त्यासाठी गीझरच्या कितीतरी पट पैसे मोजायचे, हा धंदा आतबट्ट्याचा आहे. शिवाय दादरच्या फ्लॅटमध्ये फ्रिजएवढी रिकामी जागा असती तर तिथे एव्हाना कुणाचं तरी अभ्यासाचं टेबल आलं असतं. एसीच्याच गरम नळीला टाकी जोडून देतो म्हणणारे मेकॅनिकही भेटतात. कल्पना शास्त्राला धरून आहे, पण कंपनीची वॉरंटी जाते आणि गॅस गळला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

हे यंत्र सामाईक असेल तरच आपल्या इमारतींत शोभतं. शंभर फ्लॅटची सोसायटी धरा. रोज आठ हजार लिटर कोमट पाणी, म्हणजे १८६ युनिट उष्णता. पाइपातून फिरताना वाया जाणारी उष्णता म्हणून त्यावर पाव हिस्सा धरला, म्हणजे झाली २३३. हीट पंप ती ऐंशीच्या आसपास युनिटांत देईल. गीझर घरोघरी मिळून १८६ च्या वरच खातील, कारण बटण बंद करायला विसरणारं घर प्रत्येक मजल्यावर असतं. दिवसाला शंभरावर युनिट वाचली. पण माझ्या मते युनिटांहून मोठी गोष्ट भाराची आहे. शंभर गीझर दोन किलोवॅटचे, म्हणजे दोनशे किलोवॅटचा जोडभार. सगळे एकदम लागत नाहीत हे खरं, तरी सकाळी सहा ते आठ ही त्यांचीच वेळ. त्याच कामाला हीट पंप बारा किलोवॅटचा पुरतो, आणि तो पहाटे चालवायची गरजच नाही. दुपारी बारा ते संध्याकाळी सात, हवा सर्वांत गरम असते तेव्हा चालवायचा आणि इन्शुलेटेड टाकीत पाणी ५५ अंशांवर भरून ठेवायचं. दुपारी ग्रिडमध्ये सौर वीज असते. सकाळी आपलं पाणी तापवायला ट्रॉम्बेला कोळसा जाळावा लागतो. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, २०५० पर्यंत शहराचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं त्यात लिहिलं आहे, आणि शहराच्या उत्सर्जनाचा सुमारे ७२ टक्के वाटा ऊर्जावापराचा आहे हेही त्यातच आहे.

मग गच्चीवर सोलर का नाही, असा प्रश्न लगेच येतो. बैठ्या बंगल्यांच्या पुण्यात, चार मजली ठाण्यात ते छान चाललं. पण शंभर लिटरला दोन चौरस मीटर पॅनेल लागतं. लालबाग-परळच्या चाळीस मजली टॉवरची गच्ची सोळा मजली इमारतीच्या गच्चीएवढीच असते, खालची घरं मात्र अडीचपट. त्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची मशीनरूम, अग्निशमनाच्या लाइनी, आणि उरलेल्या जागेत कुणाचं तरी वाळवण. आणि ज्या महिन्यांत म्हाताऱ्या माणसांना गरम पाणी लागतंच त्या जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य नसतो.

उभ्या इमारतीत हे बसवायचं कसं, याचं उत्तर आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवर आहे. महानगर गॅसची पिवळी नळी बघा. ती कंपनी १९९५ साली स्थापन झाली, आणि त्यानंतर मुंबईतल्या हजारो जुन्या इमारतींच्या बाहेरून, डक्टमधून, स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारून नळ्या चढल्या. इमारती बांधताना कुणीही त्याची सोय ठेवलेली नव्हती. सोसायटीने ना-हरकत दिली, नको म्हणणाऱ्या घरासमोर नळी प्लग लावून सोडली, दोन वर्षांनी सिलिंडरला कंटाळून तेही घर आलं. गरम पाण्याची लाइन अशीच डक्टमधून चढवता येते. फ्लॅटच्या आत तर काही फोडावंही लागत नाही. गीझरला थंड पाणी आत नेणारी जी लाइन आहे ती काढायची आणि तिच्या जागी गरम लाइन जोडायची. गीझर तिथेच राहतो. आत येणारं पाणी आधीच तापलेलं असल्यामुळे त्याचा थर्मोस्टॅट लागत नाही. हीट पंप दुरुस्तीला बंद पडला तर बटण दाबायचं, नेहमीसारखं पाणी तापतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण "मशीन बंद पडलं तर आम्ही अंघोळ करायची नाही का?" हा पहिला प्रश्न असतो.

दुसरा प्रश्न पैशांचा. आमच्या सभेत चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आम्ही दोघंच. वरच्यांच्या घरी पाहुणे संपत नाहीत. त्यांच्या अंघोळीचे पैसे आम्ही का भरायचे?" अगदी बरोबर. म्हणून प्रत्येक फ्लॅटच्या लाइनीला गरम पाण्याचा मीटर हवाच, आणि डक्टमध्ये सोसायटीच्या हातातला व्हॉल्व्ह. मेंटेनन्सच्या चौरस फुटात हे मिसळलं की भांडण अटळ. तिसरा प्रश्न वजनाचा आणि तो खरा गंभीर. पाच-साडेपाच हजार लिटरची टाकी म्हणजे गच्चीवर साडेपाच टन नवा बोजा. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. त्या अहवालात ज्या गच्चीबद्दल दोन वाईट ओळी आल्या आहेत तिथे टाकी चढवू नका, तळमजल्यावर पंपरूमशेजारी ठेवा. टाकीच्या आतलं पाणी अधूनमधून साठ अंशांपर्यंत न्यायचं, नाहीतर कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. हे काम ऑटोमॅटिक होतं, पण वार्षिक देखभालीच्या करारात ते लिहिलेलं असावं.

इतकं सगळं सांगून झाल्यावर आमच्या सभेत एक गृहस्थ उठले आणि एका वाक्यात विषय संपवला. "आपली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार आहे, आता कशाला खर्च?"

मी त्यावर काही बोललो नाही, कारण ते बरोबर बोलत होते. दादरमध्ये आज कोणत्याही जुन्या इमारतीत रंगकाम काढायचं म्हटलं तरी हेच वाक्य येतं. हिंदू कॉलनीत, शिवाजी पार्कात, गिरगावात अर्ध्या इमारती जायच्या रांगेत आहेत. ज्या निदान पंधरा वर्षं उभ्या राहणार आहेत, ज्यांची ऑडिटं नीट आहेत, त्यांनी वर सांगितलेलं करावं. बाकीच्यांनी पैसा विटांत घालू नये.

उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या भाडेकरू इमारतींचं तर वेगळंच. बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा शहरात अशा १९,६४२ इमारती मोजल्या होत्या. त्यातल्या ज्या उरल्या आहेत त्यांचे जिने लाकडी, तुळया लाकडी, आणि वायरिंग कित्येक ठिकाणी अजून लाकडी पट्टीवरचं. पागडीच्या भाडेकरूला मालक विचारत नाही आणि मालकाला भाडं परवडत नाही, तिथे गरम पाण्याची सामाईक लाइन कोण टाकणार? माझ्या बहिणीच्या चाळीत हीट पंप येणार नाही, असं मी तिला सांगितलं आहे. तिथे करण्यासारखं काम म्हणजे मीटरपासून खोलीपर्यंतची वायर एसीच्या भाराला पुरेल अशी बदलणं, बेस्टकडून भार वाढवून घेणं, आणि आउटडोअर युनिटं गॅलरीतून काढून गच्चीवर किंवा मागच्या हाउस गल्लीकडे एका फ्रेमवर नेणं. तांब्याची नळी लांबते, हजार-दोन हजार वाढतात, पण गॅलरी पुन्हा माणसांची होते. आणि बिनखिडकीच्या मोरीत गॅस गीझर बसवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अशा जुन्या इमारतींत वायरिंग हाच अडथळा असतो, हे काही आपलंच दुखणं नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेकडे जुन्या इमारती भरपूर आहेत आणि प्रत्येक इमारतीची वीजव्यवस्था नवी करायची तर खर्च आवाक्याबाहेर. त्यांनी २०२१ साली कंपन्यांनाच आव्हान दिलं की खिडकीत बसेल, साध्या सॉकेटवर चालेल आणि थंडीतही घर गरम करेल असा हीट पंप बनवून आणा, आम्ही हजारोंनी घेऊ. २०२३ मध्ये क्वीन्समधल्या वूडसाइड हाउसेसमध्ये पहिली युनिटं बसली. मला त्यांचं यंत्र आपल्याकडे नको आहे. पण हजारो घरांची एक मालक संस्था कारखानदाराला "आमच्या भिंतीला बसेल असं बनव" म्हणू शकते, ही ताकद मला हवी आहे. मुंबईत ती कुणाकडे असेल तर म्हाडाकडे.

आता पुनर्विकासाच्या रांगेतल्या इमारतींकडे येतो. पुनर्विकासाच्या करारामागे सोयीसुविधांचं परिशिष्ट असतं. सभासद करारातल्या कार्पेट एरियानंतर सर्वांत बारकाईने वाचतात ते हेच. व्हिट्रिफाइड टाइल्स किती बाय किती, ओटा ग्रॅनाइटचा की क्वार्ट्झचा, बाथरूममध्ये नामांकित कंपनीचा गीझर. एका इमारतीत गीझर पंधरा लिटरचा की पंचवीस लिटरचा यावर दोन सभा गेल्याचं मी पाहिलं आहे. बिल्डर हसत हसत पंचवीसचा देतो. घाऊक भावात त्याला तो काय पडतो ते त्यालाच माहीत.

गीझर मागू नका. तो तुम्ही कधीही, दादर स्टेशनसमोरच्या कुठल्याही दुकानातून आणू शकता. बिल्डरकडे ते मागा जे नंतर पैसे देऊनही मिळत नाही: पंपरूमशेजारी किंवा पोडियमवर मोकळी हवा खेळेल अशी यंत्राची जागा, डक्टमध्ये इन्शुलेशन केलेली गरम पाण्याची उभी लाइन आणि तिचा परतीचा पाइप, प्रत्येक घराच्या तोंडाशी मीटर बसेल एवढा तुकडा, आणि या सगळ्याला वेगळी वीजजोडणी. उंच टॉवरमध्ये दाबाचे टप्पे करावे लागतात, ते प्लंबिंग कन्सल्टंटला कळतं, थंड पाण्याला तो ते करतोच आहे. यंत्र पहिल्या दिवशी नाही बसलं तरी चालेल. पण डक्ट एकदा बंद झाला आणि टाइल्स लागल्या की पुढची चाळीस वर्षं तो विषय बंद. सोसायटीचा प्रकल्प सल्लागार (पीएमसी) टेंडरचा मसुदा करतो तेव्हाच हे घालायला हवं. विजेता बिल्डर ठरल्यावर मागितलं की तो त्याची किंमत तुमच्या कॉर्पसमधून, म्हणजे मेंटेनन्ससाठी तो सभासदांना देतो त्या ठोक रकमेतून, कापतो.

कॉर्पस हा शब्द आला म्हणून सांगतो. चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या माझ्या लालबागच्या मित्रांना नव्या घरात सर्वांत जास्त भीती वाटते ती मेंटेनन्सच्या बिलाची. चाळीचं भाडं देऊन ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना लिफ्ट, पंप, फायर सिस्टीम, जनरेटर यांचा खर्च दर महिन्याला दारात येतो. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, आणि तेही चाळीस मजली इमारतीत. बीडीडीच्या चार ठिकाणच्या मिळून एकूण २०७ चाळी होत्या, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथलं काम चालू आहे. या घरांत एसी येणार, गीझर येणार, यात शंका नाही, आणि यायलाच हवेत. शंभर वर्षं सामाईक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला कुणी साधेपणाचे धडे देऊ नयेत. पण त्याचं विजेचं बिल कमी राहील अशी इमारत त्याला देणं म्हाडाच्या हातात आहे. तिथे सगळ्या घरांचा विकासक एक, नकाशे एकसारखे. ज्या इमारतींचे स्लॅब अजून पडायचे आहेत त्यांतली एक घ्या. तीत सामाईक गरम पाणी द्या. शेजारची तशीच दुसरी इमारत गीझरवर राहू द्या. वर्षभर दोन्हींचे मीटर रीडिंग खालच्या नोटीस बोर्डावर लावा. रहिवाशांना माझ्यासारख्याच्या लेखाची गरज उरणार नाही, ते स्वतः आकडे वाचतात आणि चुकीचा आकडा तर लगेच पकडतात.

तोवर थांबायचं नसेल तर सुरुवात घरांऐवजी धर्मशाळांपासून करावी, असं माझं मत आहे. परळमध्ये हाकेच्या अंतरावर केईएम, वाडिया, टाटा मेमोरियल अशी रुग्णालयं आहेत, आणि टाटाच्या रुग्णांसोबत बिहार-बंगालपासून आलेली माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी महिनोन्महिने उतरतात. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला मे महिन्यातही गार पाणी अंगावर घेववत नाही. म्हणजे घरांच्या बाबतीत उन्हाळ्यात गार पाण्यानेच भागतं ही जी अडचण होती, ती धर्मशाळांत आणि वसतिगृहांत उद्भवतच नाही. तिथे शंभर सभासदांची संमती घ्यायची नसते, मीटरवरून भांडण नसतं, मालक एक, बिल एक, आणि थंड हवा सोडायला स्वयंपाकघर आयतं. अशा संस्थांना गिरणगावातली मंडळं आणि व्यापारी मनापासून देतात, पण देतात ते पंखे, कूलर, खुर्च्या, व्हीलचेअर, ज्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवता येतं. त्यांना एवढंच सांगतो की पाच हजार लिटरची टाकी सहा-सात फूट उंच असते आणि तिच्यावर आजोबा, पणजोबांसकट सगळ्या घराण्याची नावं मावतात.